मानेमागचा हात

नजियाला पुरुष डॉक्टर हवा होता. आता आमच्या नाबूल गावात बाईमाणसाने पुरुष डॉक्टरकडे जाऊच नये असं काही नाही. दाढ ठणकली, कंबर धरली की बायका जातातच. पण आपण होऊन, तोंड उघडून, 'बाई नको, मला बाप्याच हवा' असं म्हणणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्मायची आहे. नजिया पन्नाशीला आलेली, लग्नाच्या पोरीची आई, निम्म्या गावातल्या नवऱ्यामुलींचे पोशाख शिवणारी. ती असं काही बोलली असती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दलिंदाने ते मासळीबाजारापर्यंत पोचवलं असतं. म्हणून नजिया गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं.

दलिंदा म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. मनाने लोणी आणि तोंडाने लाऊडस्पीकर.

गाठ पहिल्यांदा दिसली ती एका नवऱ्यामुलीला. पोशाख अंगावर चढवून नजियाने तिला आरशासमोर उभं केलं होतं. मध्येच कॉफीचा घोट घेतला, तर ती पोरगी आरशात बघून म्हणाली, "मावशी, तुमच्या गळ्यात हे काय वरखाली होतंय?" नजियाने बघितलं. उजव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या जरा वर, कवडीएवढी गाठ घोटाबरोबर वर गेली आणि खाली आली. "काही नाही, चरबी आहे," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने घरातसुद्धा गळ्याला रुमाल बांधायला सुरुवात केली. थंडी संपली, संत्र्याच्या झाडांना कळ्या लागल्या, तरी रुमाल सुटेना. पाव गिळताना अडकायला लागला, तेव्हा मात्र तिच्या नवऱ्याने, मोन्सेफने, एके दिवशी जेवताना तो रुमाल हळूच बाजूला केला, आणि त्याच्या हातातला घास हातातच राहिला. त्याची आई अशीच 'काही नाही, काही नाही' म्हणत गेली होती.

मग दलिंदा तिला गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तिथे जे झालं ते नाबूलला पाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला स्टुलावर बसवलं, "मान सैल सोडा" म्हणाल्या, आणि गळा तपासायची जी रीत असते तशा तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची गार बोटं मानेला लागली मात्र, नजिया अशी उठली की स्टूल एकीकडे, डॉक्टरीणबाई कपाटावर, आणि कापसाची बरणी जमिनीवर. ती बाहेर पडली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी चप्पल हातात धरून दलिंदा भरबाजारात तिच्यामागे "अगं थांब, अगं थांब" करत धावत होती.

असं का झालं याचं कारण गावाने संध्याकाळपर्यंत शोधून काढलं. त्या खोलीत तेव्हा शिडीवर चढून एक माणूस एसी दुरुस्त करत होता. भिंतीकडे तोंड करून, पण माणूसच तो. "परक्या पुरुषासमोर गळ्याचा रुमाल सोडायची वेळ आली, म्हणून पळाली बिचारी," असं दलिंदाने जाहीर केलं, आणि सगळ्यांना पटलं. नजियाच्या शालीनतेचं कौतुक सुरू झालं. शेजारणी आपल्या लेकींना तिचं उदाहरण द्यायला लागल्या. तो एसीवाला तर इतका ओशाळला की खजुराच्या मिठाईचा डबा घेऊन मोन्सेफची माफी मागायला घरी आला. नजियाने आतून तो डबा बघितला आणि तिने तोंड फिरवलं. चुकीच्या माणसाने चुकीच्या दारात माफीचा गोडवा आणून ठेवायचा, हे तिने एकदा आधीही बघितलेलं होतं.

ते सांगायला हवं.

आमच्याकडे पूर्वी मुलींना शिवणकाम शिकायला उस्तादणीच्या घरी घालत. शाळा सुटली की थेट तिथे. भरतकाम, शिवण, आणि त्याबरोबर वळण. नजियाच्या वेळी ही उस्तादीण म्हणजे लल्ला खदूजा. लल्ला हा मानाचा शब्द, आणि खदूजाला तो न लावणारं माणूस गावात नव्हतं. तिच्या हातचं जरीकाम राजधानीतल्या लग्नांत मिरवायचं. तिच्या हाताखालून गेलेली मुलगी म्हटलं की स्थळं चालून यायची. उजव्या हाताच्या बोटात तिचं पितळी टोपण कायम असायचं, सुई टोचू नये म्हणून शिवणारे घालतात ते. मुली भरतकामाच्या चौकटीवर वाकून टाके घालायच्या, आणि ती मागून फिरायची. पायात मऊ सपाता, त्यामुळे आवाज नाही. टाका चुकला की आधी ते गार टोपण मानेच्या हाडावर टेकायचं, मग बोटं दोन्ही बाजूंनी आवळायची, आणि चेहरा चौकटीवरच्या कापडात दाबला जायचा. श्वास कोंडेपर्यंत. कधी त्याहून जास्त. नंतर कोळशाच्या खोलीत. नजियाचे टाके चुकायचे नाहीत, तेव्हाही हे व्हायचं, कारण खदूजाने तिला निवडलं होतं. हात उत्तम होता ना पोरीचा. उत्तम हाताला जास्त वळण लागतं, असं ती म्हणायची.

आठ वर्षांची असताना नजियाने हे आईला सांगितलं. आईने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने घरी उतरवलेल्या संत्रा-फुलांच्या अर्काची बाटली घेतली, नजियाचं मनगट धरलं, आणि लल्ला खदूजाच्या दारात जाऊन पोरीच्या लांब जिभेबद्दल माफी मागितली. नजिया पुढे चौदा वर्षांची होईपर्यंत तिथे शिकली, आणि परत कधी कोणाला काही बोलली नाही.

पण मान विसरत नाही. नजिया मोठी झाली, लग्न झालं, आणि कोणाचाही, त्यातही बाईचा, हात मागून आला की तिचं अंग तिला न विचारताच उठायचं. बाळंतपणात तिने सुइणीच्या हाताला कडकडून चावा घेतला होता. ती गोष्ट दलिंदा आजही सणावाराला रंगवून सांगते आणि सगळे पोट धरून हसतात, नजियाही हसते. गावात म्हातारे डॉक्टर फर्जानी होते तोवर तिचं निभावलं. ते टेबलाच्या पलीकडे बसून, लांबूनच, चष्म्यावरून बघून औषध लिहायचे. ते मुलाकडे परदेशी राहायला गेले आणि नजियाने डॉक्टर हा विषयच आयुष्यातून काढून टाकला. ताप आला तर लिंबू, पोट दुखलं तर बडीशेप, आणि वर झाकायला रुमाल.

मोन्सेफला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि तरी थोडंसं ठाऊक होतं. साखरपुड्याला त्याने तिला सोन्याचा हार दिला होता. लग्नानंतर पहिल्यांदा तो हार घालायला तो हौसेने तिच्या मागे गेला, तर ती अशी खाली वाकली की त्याचं नाक कपाटाच्या दारावर आपटलं. "कडी टोचते हो," ती म्हणाली होती. मोन्सेफ साधा माणूस, मातीच्या भांड्यांचा दुकानदार. त्याने सोनाराकडे जाऊन कडी बदलून आणली. तरी टोचते म्हणाली. मग परत बदलली. मग त्याने तो विषय सोडला आणि हार डब्यात गेला. पण तेव्हापासून उन्हाळ्यात मोगऱ्याची माळ आणली तर तो ती तिच्या हातात द्यायचा, गळ्यात घालायचा नाही. का, ते त्याने कधी विचारलं नाही. आता याला समजूतदारपणा म्हणायचं की आळस, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी समजूतदारपणा म्हणते.

तर हा मोन्सेफ एक दिवस दुकानातून घरी आला तो उड्या मारायचाच बाकी.

"मिळाला! राजधानीत मिळाला! सगळा बायकांचा दवाखाना आहे. डॉक्टर बाई, सोनोग्राफीवाली बाई, रक्त काढणारी बाई, दारावरची पण बाई. मी फोनवर विचारलं, एसी दुरुस्तीला कोण येतं? तर म्हणाल्या, दवाखाना बंद झाल्यावर येतो. नजिया, तिथे मांजरसुद्धा बाईच असणार बघ!"

 नजियाने हातातलं कापड खाली ठेवलं.

"पुरुष असला तरी चालेल मला," ती म्हणाली. हे वाक्य तिने आठवडाभर मनात घोळवलं होतं.

मोन्सेफच्या डोळ्यात पाणी आलं. "हे बघ, माझी धावपळ होते म्हणून तू मन मारू नकोस. चालवून घ्यायची सवयच तुला. नाही, नाही. बाईच बघणार तुला. मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"दलिंदाला," तो म्हणाला. म्हणजे सगळ्या गावालाच.

बुधवारी तिघं मोन्सेफच्या भांड्यांच्या गाडीतून निघाले. मागे थाळ्या आणि वाडगे खणखणत होते, पुढे दलिंदा खणखणत होती. बागांमध्ये बायका चादरी अंथरून संत्र्याची फुलं तोडत होत्या आणि गाडीभर वास भरला होता. "लल्ला खदूजा, अल्ला तिच्यावर दया करो, या दिवसांत आम्हाला फुलं निवडायला बसवायची," दलिंदा म्हणाली. नजियाने खिडकीची काच खाली केली. ती एकच हिशोब करत होती: त्या बाईचा हात मानेला लागला की आपण उठणार, हे नक्की. उठलो की पळणार. परत पळालो तर मोन्सेफ तिसरा दवाखाना शोधेल, तोही बायकांचाच. आणि गाठ काही कोणाची शालीनता बघून थांबत नाही. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी दलिंदाजवळ निरोप दिला होता की उशीर करू नका, हे साधं असेल किंवा नसेल, पण बघितल्याशिवाय कोणालाच कळणार नाही. पोरीचा साखरपुडा उन्हाळ्यात होता. नजियाला तो बघायचा होता. त्यानंतरचंही पुष्कळ काही बघायचं होतं.

मोन्सेफ समोरच्या कॉफीच्या दुकानात बसला, आणि या दोघी आत गेल्या.

डॉक्टर रीम चाळिशीच्या होत्या, केस आखूड, आवाज बसका. दलिंदाने खुर्ची ओढून घेतली आणि कोणी विचारायच्या आत सुरुवात केली. "ही माझी वहिनी. फार लाजाळू. गाठ थंडीपासून आहे. पाव अडकतो, सूप जातं. झोप लागते, पण कुशी बदलते. आमच्या आईलापण—"

"त्यांना झोप लागते का, हे तुम्हाला कसं कळतं?" डॉक्टर रीमनी विचारलं.

"मला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

डॉक्टर हसल्या. "बरोबर आहे. पण मी पहिली काही मिनिटं पेशंटशी एकटीने बोलते. सगळ्यांशीच. तुम्ही बाहेर थोडी कॉफी घ्या."

दलिंदाचा तिळपापड झाला. आमच्याकडे आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवणं म्हणजे जेवायला बोलावून दारात उभं करणं. पर्स छातीशी धरून ती उठली आणि दार जरा जास्तच जोरात लावून गेली.

खोली शांत झाली. नजियाने एका हाताने रुमालाची गाठ धरून ठेवली होती आणि तिची खुर्ची न कळत भिंतीला चिकटली होती. डॉक्टरांनी ते बघितलं. त्या उठल्या नाहीत.

"मी इथेच बसलेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही या म्हणाल तेव्हा उठेन."

नजियाने टेबलाच्या कडेवरून एक बोट फिरवलं. मग तिला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"तुमच्याकडे पुरुष डॉक्टर नाही का?"

झालं. गल्लीत आजवर कोणी म्हटलं नव्हतं ते म्हणून झालं. आता ही बाई भुवया उंचावणार, मग दलिंदाला बोलावणार, मग हसणार. नजिया वाट बघत राहिली.

"इथे नाही," डॉक्टर रीम म्हणाल्या. "पण मागच्या रस्त्यावर डॉक्टर बुसय्यिद आहेत. माझ्याच विषयाचे, चांगले आहेत. आत्ता फोन करते, आजच बघतील." आणि त्यांनी खरोखर फोन उचलला.

"तुम्ही 'का?' म्हणून नाही विचारलंत?"

"सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही सांगितलंत तरी फोन करतेच आहे."

या साध्या बोलण्याने नजियाच्या आतलं काहीतरी सुटलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आधी सगळं सिद्ध करावं लागेल, साक्षीदार आणावे लागतील, आणि तरी शेवटी अर्काची बाटली घेऊन कोणीतरी कोणाच्यातरी दारात जाईल. इथे तर तिने नुसतं मागितलं आणि समोरची बाई द्यायला निघाली होती.

"फोन ठेवा जरा," ती म्हणाली. "मला बायकांच्या हातांची भीती वाटते. गावातल्या डॉक्टरीणबाई मागून आल्या, तर मी पळून गेले. लहानपणी शिवण शिकवणारी एक बाई होती. मागून यायची. इथे धरायची." तिचा हात मानेमागे गेला. "आईला सांगितलं. आईने जाऊन तिची माफी मागितली. माझ्या वतीने."

डॉक्टर रीमनी फोन खाली ठेवला होता. "माफी तुमची मागायला हवी होती," त्या म्हणाल्या.

नजिया रडली. मोठ्याने नाही, पण बरीच. डॉक्टरांनी कागदी रुमालांचा डबा टेबलावरून तिच्याकडे सरकवला आणि घाई केली नाही.

"आणखी सांगायला हवं का?" नजियाने नाक पुसत विचारलं.

"मला ऐकायचं नाही, असं नाही. पण गळा तपासायला त्याची गरज नाही. मला एवढंच कळलं पाहिजे की माझ्या हातांनी काय करायचं नाही. आम्हाला मागे उभं राहून तपासायला शिकवतात, म्हणून त्या डॉक्टर मागे आल्या असतील. समोरूनही बघता येतं. मी समोर बसेन. नाहीतर डॉक्टर बुसय्यिद आहेतच. तुम्ही ठरवा."

नजिया विचारात पडली. भीती तशीच होती, पण तिच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते तिच्या ओळखीचं होतं. अर्धवट काम तिला स्वतःला खपत नसे.

"जास्त बरं कशाने कळतं?"

डॉक्टर म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मला मागून. हाताला जास्त कळतं."

"मग आरसा आहे का?"

"आरसा?"

"मी नवऱ्यामुलींचे कपडे बसवते. मलाही मागूनच काम करावं लागतं. पण आरशासमोर उभी केल्याशिवाय मी कोणाच्या मानेला हात लावत नाही. तिला माझे हात दिसले पाहिजेत." हे बोलता बोलता नजियालाच नवल वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी जे करत आलो, ते आपण कोणाकडे मागावं हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

डॉक्टर रीमनी खोलीभर नजर फिरवली. हात धुवायच्या नळावर एक वीतभर आरसा होता, तोही भिंतीत बसवलेला. "बाहेर बसायच्या खोलीत एक मोठा आहे," त्या म्हणाल्या. "पण धरायला कोणीतरी लागेल."

नजियाने बंद दाराकडे बघितलं. आणि मग तिला हसू आलं.

दलिंदाला हाक गेली. पुढे बाहेर जो गोंधळ झाला तो आतून नुसता ऐकू येत होता: स्वागताच्या टेबलावरची मुलगी म्हणत होती, "अहो बाई, तो खिळ्यावरून काढायचा नाही," आणि दलिंदा म्हणत होती, "डॉक्टरांनी मागवलाय, तुला जास्त कळतं का?" मग दार उघडलं आणि शिंपल्यांच्या चौकटीचा एक भला थोरला अंडाकृती आरसा आत आला. त्याच्या वर दलिंदाचे डोळे आणि खाली दलिंदाच्या चपला.

"कुठे धरू?"

"इथे. जरा खाली. डावीकडे. आता हलू नकोस," नजिया म्हणाली, पोशाख बसवताना मदतनिसांना सांगते त्या आवाजात.

तिने रुमाल सोडला. आरशात तिला तिचा गळा दिसला, गाठ दिसली, आणि मागे डॉक्टर रीम दिसल्या, दोन्ही हात वर, रिकामे. बोटात अंगठी नव्हती.

"थांब म्हटलं की थांबायचं," नजिया म्हणाली.

"थांब म्हटलं की थांबेन."

हात पुढे आले. खांद्यापर्यंत आले. बोटं मानेला लागणार तोच नजिया म्हणाली, "थांब." हात लगेच मागे गेले. खरं म्हणजे तेव्हा तिला काही झालं नव्हतं. नवीन कापड आधी कोपऱ्यात एक टाका घालून बघतात, तसं तिने तो शब्द लागतो का ते बघितलं होतं. शब्द लागत होता.

"या," ती म्हणाली.

हात आले. कोमट होते. तिचं अंग उठायला बघत होतं, मांड्या ताठ झाल्या, पण डोळे आरशात होते आणि आरशात सगळं दिसत होतं: दहा बोटं, आखूड नखं, त्यांच्यामागे एका दमलेल्या बाईचा लक्ष देऊन बघणारा चेहरा. पितळेचं काही नव्हतं. कापड नव्हतं. कोळशाची खोली नव्हती. मध्ये एकदा तिने खरोखरीचं "थांब" म्हटलं, हात गेले, तिने श्वास घेतला, हात परत बोलावले. डॉक्टरांनी पाण्याचा पेला दिला, "एक घोट घ्या," म्हणाल्या, आणि गाठ त्यांच्या बोटांखालून वर गेली आणि खाली आली.

"झालं," डॉक्टर रीम म्हणाल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

दलिंदा या सगळ्या वेळात एक अक्षर बोलली नव्हती. 'झालं' ऐकल्यावरही तिने आरसा खाली ठेवला नाही.

त्यानंतर सोनोग्राफी झाली आणि बारीक सुईने गाठीतलं थोडं पाणी काढलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "सुईची भीती वाटते का?" नजिया म्हणाली, "सुईवर माझं पोट आहे, बाई." आरसा धरायला दलिंदा तिथेही गेली, कोणी न सांगता.

मोन्सेफ गाडी आणायला गेला तेव्हा दोघी फाटकाबाहेरच्या बाकावर पावात अंडं-बटाटा घालून खात बसल्या. नजियाला किती दिवसांनी भूक लागली होती. दलिंदा मात्र पाव हातात धरून नुसती बघत होती.

"खदूजा ना?" ती एकदम म्हणाली. लल्ला नाही, दया नाही, नुसतं नाव.

नजियाचा घास थांबला. "तुला कोण बोललं?"

"कोण कशाला बोलायला हवं? आरशात तू हात बघत होतीस तसे आम्ही तिचे हात बघायचो. मला दोन आठवडे घातलं होतं तिच्याकडे. डोळे दुखतात, डोळे दुखतात म्हणून मी घर डोक्यावर घेतलं आणि सुटले. माझे डोळे आजही ससाण्यासारखे आहेत."

"मग रोज उठून तिच्यावर दया कसली मागतेस?"

"सगळे मागतात म्हणून!" दलिंदा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मला वाटायचं मीच नाजूक. बाकीच्या शिकल्या, मी पळाले. तू तर तिची लाडकी होतीस, असं म्हणायचे सगळे."

"हो," नजिया म्हणाली. "लाडकीच होते."

दलिंदाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. समोरून, सरळ दिसेल असा. मग मोन्सेफची गाडी खणखणत आली आणि तो खिडकीतून ओरडला, "काय, मांजर बाईच होती ना?" दोघी इतक्या हसल्या की त्याला वाटलं निकालच लागला.

निकाल पुढच्या आठवड्यात फोनवर आला. गाठ साधी होती. कापायची गरज नाही, दर सहा महिन्यांनी येऊन दाखवायची. मोन्सेफने ते दोनदा ऐकलं, मग फोन नजियाकडे दिला आणि अंगणात जाऊन उगाच रिकाम्या कुंड्या या भिंतीकडून त्या भिंतीकडे लावत बसला. नजियाचा जीव भांड्यात पडला. सहा महिन्यांनी कोणाकडे येणार, असं डॉक्टर रीमनी विचारलं. डॉक्टर बुसय्यिद की मी? नजिया म्हणाली, "तुमच्याकडे. आरसा तेवढा आधी काढून ठेवा, नाहीतर बाहेरच्या मुलीशी परत भांडण होईल." दलिंदाने हीसुद्धा बातमी गावभर केली, पण तिच्या नेहमीच्या मानाने मोजकीच. आरशाबद्दल ती कोणाला बोलली नाही, आणि खदूजाच्या नावापुढे तिने तेव्हापासून काही लावलं नाही.

पोरीच्या साखरपुड्याच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. नजिया आतल्या खोलीत कपड्यांच्या आरशासमोर उभी होती. गळ्याला रुमाल नव्हता. तिने मोन्सेफला हाक मारली आणि तो आत आला तेव्हा डब्यातला हार त्याच्या हातात दिला.

मोन्सेफ गोंधळला. "अगं, याची कडी... थांब, मी सोनाराकडे जाऊन येतो. अर्ध्या तासात येतो. दुकान उघडं असेल."

"कुठे जायचं नाही. मागे या. आरशात मला दिसाल असे उभे राहा."

तो उभा राहिला. त्याचे भांडी हाताळून भेगाळलेले हात आरशात वर आले आणि तिथेच थांबले. तो तिच्याकडे बघत होता, आरशातून.

"कडी चांगली आहे," नजिया म्हणाली. "तेव्हाही चांगलीच होती. रात्री सांगेन सगळं. आता लावा."

त्याला ती लावायला बराच वेळ लागला, कारण डोळे भरल्यामुळे नीट दिसत नव्हतं. नजिया हलली नाही. बाहेरून दलिंदा ओरडत होती की नवऱ्यामुलाकडची माणसं दारात आली, आणि ही दोघं आत काय करताहेत.